मागच्या दाराची पट्टी

झाई,
१४ जानेवारी २०२४

दिपेश,

तुझं अक्षर पाहिलं आणि पत्र वाचायच्या आधीच मी आईला सांगितलं, त्याचंच आहे. मच्छीमार संस्थेचे काशीनाथकाका काल शनिवारी पत्र घेऊन स्वतः झाईला घरी आले. तुमची बोट समुद्रात सीमेपलीकडच्यांनी पकडून तुम्हाला तुरुंगात टाकल्यावर जी यादी आली होती, तिच्यात तुझं नाव 'दीपक' असं पडलं होतं, म्हणून आई दोन महिने ती यादी मानायला तयारच नव्हती. माझ्या पोराचं नाव मला माहीत, म्हणायची. काल तिने पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि चुलीकडे गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "खायला काय देतात ते लिहिलंय का?"

ते तू लिहिलेलं नाहीस. स्वतःबद्दल तीन ओळी आणि गाडीबद्दल एक अख्खं पान. काका म्हणाले, उत्तर लिहा, पण ते त्याच्या हाती पडायच्या आधी चार जण वाचतील, तेव्हा घरचंच लिहा. म्हणून गाडीचंच लिहिते.

गाडी जागेवर आहे, बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या पलीकडे. पत्रा चांगला आहे. पण तू वापीहून आणलीस तेव्हा जे काळं प्लास्टिक नुसतं विटलेलं होतं, दारांच्या पट्ट्या, बंपर, आरशांचे कान, ते खाऱ्या हवेने आता राखेसारखं पांढरं पडलंय. आल्यावर ते मी माझ्या हातांनी काळं करीन, मग आईला तिच्यात बसवीन आणि महालक्ष्मीच्या यात्रेला नेईन, असं तू म्हणाला होतास. आईला वाट बघवत नाही. गेल्या आठवड्यात मी तलासरीच्या शाळेतून आले तर अंगणात गावातली सगळी मांजरं गाडीभोवती बसलेली. एक बोनेटवर, दोन खाली, आणि ती बांडी, शेपूट तुटलेली, बंपर चाटत होती. आईने सगळ्या पट्ट्यांना मुशी माशाचं तेल चोळलं होतं. आबा होते तेव्हा त्यांच्या होडीच्या फळ्यांना लावायची तेच, त्याच बाटलीतलं. मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "खारं लागलं की लाकूड पांढरं पडतं, तेल दिलं की काळं होतं. ही काय वेगळी आहे?"

आणि खरं सांगू, काळं झालंय. लांबून नवी दिसते. जवळ मात्र वासाने जाववत नाही.

आईला जरा खोकला आहे, हवेचा आहे. ती म्हणते, पत्र बंद करायच्या आधी मला हात लावू दे. नुकती गाडीपासून उठून आली आहे, हात धुतलेले नाहीत. डाग पडला तर माझ्यावर ओरडू नकोस.

जायच्या आधी मी तुला जे बोलले होते, ते तुझ्या लक्षात आहे का, हे विचारायचा धीर मला आज नाही.

तुझी ताई, नयना

*

२० फेब्रुवारी २०२४

ताई,

पत्र उघडलं आणि बराकीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. आपल्या पट्ट्यातले आम्ही नऊ जण आहोत. उधव्याचा शुक्रा म्हणाला, कुणाच्या घरून मासे आले? मग तो कागद हातोहात फिरला. एकेकाने नाकाला लावला. बोर्डीचे बोट हाकणारे एक म्हातारे तांडेल आहेत, त्यांनी तर परत द्यायलाच वेळ लावला. वाचायचा नंबर माझा सगळ्यात शेवटी आला.

आईला सांग, खूप हसलो. पण तिला हेही सांग की हे चालणार नाही. चारोटीला गाड्या सजवायच्या दुकानात मी दोन वर्षं तेच काम केलंय, मला विचार. तेल वरवर राहतं. धूळ धरतं, पावसात ओघळतं आणि पत्र्यावर डाग सोडतं. आता तू असं कर. माझ्या खाटेखालच्या खोक्यात काळ्या पॉलिशची बाटली आहे, स्पंज आहे आणि पिवळी चिकटपट्टी आहे. आधी भांड्याच्या साबणाने सगळं तेल धुऊन काढायचं. एकदा नाही, तीनदा. बोट फिरवलं की कुरकुर वाजलं पाहिजे. थोडंसं जरी तेल राहिलं तरी पॉलिश धरत नाही, सालपटासारखं निघून येतं. मग पूर्ण वाळू दे. मग पत्र्याच्या कडेला चिकटपट्टी लाव, नखाने दाबून. मग सावलीत, उन्हात नाही, स्पंजने एकाच दिशेने पातळ हात दे. घाई करू नको. तुला घाईची सवय नाहीच म्हणा, तू वहीला समास आखणारी बाई.

एक बाजू पुरी कर, मग दुसरी. इथे डोळे मिटून मी रोज एक दार करतो. तू तिकडे कर.

आईला नमस्कार. खोकल्याला आल्याचा रस दे. यात्रा यंदा नाही तर पुढच्या वर्षी.

दिपेश

*

(माझ्या रोजनिशीतलं पान, न पाठवलेलं)
तलासरी, २० एप्रिल २०२४

दिपेश,

आई गेली.

तुझं हसरं पत्र तिच्या पाचव्या दिवशी आलं. काशीनाथकाका ओट्याशी आले, आत माणसं बसलेली पाहिली, आणि पाकीट खिशातून काढावं की नाही हे त्यांना कळेना. खोकला हवेचा नव्हता. हृदयाचं होतं. मी तिला दोन आठवडे आधी डहाणूच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. ती नको म्हणाली आणि शाळेच्या परीक्षा होत्या म्हणून मला ते 'नको' सोयीचं वाटलं. हे मी स्वतःपासून लपवणार नाही.

अग्नी देवजीने दिला. चुलतभाऊ म्हणून त्याचाच मान होता. खांद्यावरचं मडकं फोडताना तो मला म्हणाला, दिपेशला सांगू नका ताई, तिथे त्याला धरायला कोण आहे? सगळे तेच म्हणतात. मला पटतं आणि पटत नाही. मुलाला आई गेल्याचं न सांगणं ही दया आहे की चोरी? चारोटीच्या दुकानात तू सुखात होतास. गाड्यांना पट्ट्या लावायचास, रोज रात्रीच्या जेवणाला घरी यायचास. 'बारावी शिकून आयुष्यभर लोकांच्या गाड्यांना स्टिकर चिकटवणार का?' असं मी म्हणाले. तू त्याच आठवड्यात पोरबंदरच्या बोटीवर गेलास. म्हणजे मीच तुला तिच्यापासून दूर पाठवलं, आणि आता ती गेली हे तुला कधी कळायचं, तेसुद्धा मीच ठरवणार.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिने मागच्या डाव्या दाराच्या पट्टीला तेल लावलं होतं. चार बोटं ओढल्याच्या रेघा अजून दिसतात.

हे पान पाठवत नाही. पाठवायचं ते दुसरं लिहिते.

*

तलासरी,
२० एप्रिल २०२४

दिपेश,

तुझं पत्र मिळालं. नऊ जणांनी पत्र हुंगल्याचं वाचून आम्ही हसलो. आई बरी आहे. खोकला गेला.

तू सांगितलंस तसं काम सुरू केलं आहे. सुट्टी लागली की झाईलाच राहीन. उजवी बाजू धुऊन झाली. तीनदा धुतली. पहिल्या वेळी पाणी तपकिरी निघालं, दुसऱ्या वेळी दुधी आणि तिसऱ्या वेळी बोट फिरवलं तर खरंच कुरकुर वाजलं. मला इतका आनंद का झाला ते कळलं नाही. बांडी थोडा वेळ बसली आणि कंटाळून निघून गेली. चिकटपट्टी लावताना मी फूटपट्टी घेतली होती, हे तुला सांगायला नको होतं. आई सावलीत खुर्चीवर बसून बघत असते, काही बोलत नाही. डाव्या बाजूला हात लावलेला नाही. मागच्या दाराच्या पट्टीला तिने तेल लावलंय, ते इतक्यात धुवायला जीव होत नाही. पण धुवीन. तू सांगितलंस तसंच सगळं करीन.

आईचा आशीर्वाद.

ताई

*

३० जून २०२४

ताई,

पत्र मिळालं. उजवी बाजू चांगली झाली असणार. फूटपट्टीवर शुक्रा फार हसला.

एक बदल सांगायचा आहे. मागच्या डाव्या दाराची पट्टी धुऊ नको. तेल आहे तसं राहू दे. बाकी सगळीकडे पॉलिश लाव, पण ती एक सोड. मी आधी म्हणालो ते चुकलं, तेलसुद्धा टिकतं. हे पत्र पोचेपर्यंत पाऊस भरात आलेला असेल. त्या दारावर जाड प्लास्टिक टाक आणि दोरीने बांध. हे नक्की कर. बाकी काही राहिलं तरी चालेल.

तू जेवत जा. शनिवारी झाईला एकटी जातेस, तर देवजीच्या घरी जेव.

दिपेश

*

तलासरी,
२२ सप्टेंबर २०२४

दिपेश,

तुझं पत्र पावसाळा सरत आला तेव्हा मिळालं. ती पट्टी मी ऑगस्टमध्येच धुतली.

तीनदा धुतली, तुझ्या शब्दाप्रमाणे. दर शनिवारी ठरवत होते आणि दर शनिवारी टाळत होते. शेवटी स्वतःला म्हटलं, त्याने एक काम सांगितलंय, तेही तू आपल्या मनासारखं करणार का? आणि साबण घेतला. आता तू म्हणतोस धुऊ नको. आपल्या दोघांच्या बोलण्यात तीन-तीन महिन्यांचा समुद्र आहे, दिपेश. ती पट्टी पॉलिश न लावता तशीच पांढरी ठेवली आहे. त्यापुढे काय करावं ते सुचत नाही.

आणखी एक लिहायचं आहे. राग आला तर येऊ दे. तुझ्या या पत्रात गाडीच गाडी आहे, दोरीने काय बांधायचं तेही आहे, पण आईला नमस्कार नाही. दोनदा वाचून पाहिलं. ती विचारते, मला विसरला का? मी सांगितलं, घाईत लिहिलं असेल. तिथे तुझ्या मनाचं काय होत असेल याचा मला अंदाज नाही, हे मान्य. तरी एक ओळ लिहायला हवी होतीस.

आणि आज ते विचारते, जे जानेवारीत विचारलं नाही. स्टिकर चिकटवण्याबद्दल मी जे बोलले, त्यामुळे तू बोटीवर गेलास का? अंगणात गुडघे टेकून, डोळ्यांजवळ चिकटपट्टी धरून ती सरळ लावताना मला कळतं की हे काम हलकं नाही. एक केस इकडेतिकडे झाला तर सगळं उठून दिसतं. ते मला तेव्हा कळत नव्हतं. खरं काय ते लिही.

ताई

*

१८ जानेवारी २०२५

ताई,

हे पत्र शुक्रा घेऊन येईल. त्याचं नाव सुटणाऱ्यांच्या यादीत आलंय, माझं नाही. हे कुणी वाचणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

मला माहीत आहे.

तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा सगळे माझ्याभोवती गोळा झाले, वास घ्यायला. मी पहिल्यांदा नाकाला लावलं. नुसता कागद. हात लावल्याशिवाय आई पत्र बंद करू देणार नाही. आणि तू लिहिलंस, ती खुर्चीवर बसून बघत असते, काही बोलत नाही. आपली आई, ताई. दुसरं कुणी तिच्या तेलावर साबण फिरवतंय आणि ती गप्प बसलीय. मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. बाकीच्यांना सांगितलं, टपालवाल्यांनी उन्हात ठेवलं असेल, वास उडाला.

पुढच्या पत्रात नमस्कार लिहायला बसलो, हात चालला नाही. खोटा नमस्कार कसा लिहायचा? आणि खरं लिहिलं असतं तर तुला कळलं असतं की मला कळलंय, मग तुझं लपवणं वाया गेलं असतं. तू किती विचार करून लपवलं असशील ते मला माहीत आहे. म्हणून पट्टीचं लिहिलं. पट्टी वाचली असती तर बरं झालं असतं. धुतलीस त्याचा राग नाही. धू असं मीच सांगितलं होतं.

इथे महिन्यातून एकदा न्हावी येतो. मी त्याला म्हणालो, सगळं काढ. बाकीच्यांना सांगितलं, उवा झाल्यात. दहा दिवस धरले मनाने, पण कुठल्या दिवसापासून मोजायचे ते ठाऊक नाही. मला बाकी काही नको. कशी गेली, कोण होतं, ते आल्यावर ऐकीन. फक्त तारीख कळव. तारीख असली की त्या दिवशी मला काही करता येईल. एक घास बाजूला ठेवता येईल.

स्टिकरचं म्हणशील तर, हो, त्यामुळेच गेलो. खरं विचारलंस म्हणून सांगतो. पण नुसतं तू म्हणालीस म्हणून नाही. मलाही आतून तसंच वाटायचं आणि तू ते मोठ्याने बोललीस म्हणून. आता वाटत नाही. आता वाटतं, आलो की चारोटीला जाऊन त्याच दुकानात उभा राहीन.

तारीख तेवढी कळव.

दिपेश

*

झाई,
११ मे २०२५

दिपेश,

शुक्रा फेब्रुवारीच्या शेवटी आला. उधव्याहून दोन बस बदलून शाळेत आला, वर्गाबाहेर उभा राहिला, चपला हातात. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "ताई, त्या पहिल्या कागदावर मी नाक ठेवलं ना, माझी बायस आठवली मला." आईला तो बायस म्हणतो. मग तुझं पत्र दिलं आणि ते वाचून होईपर्यंत पाठ करून मैदानाकडे बघत राहिला.

तू एक तारीख मागितलीस. पोस्टकार्डावर मावली असती. मी अडीच महिने घेतले.

का, ते लिहिते. पहिला मसुदा आठ पानांचा झाला, त्यात माझंच रडगाणं होतं. दुसऱ्यात मी क्षमा मागितली, आणि वाचताना दिसलं की तू क्षमा करावीस म्हणून मी शब्द निवडतेय. तोही फाडला. 'आई विचारते, मला विसरला का' हे वाक्य मी मेलेल्या बाईच्या तोंडी घातलं होतं, तेही तिच्या मुलाला टोचण्यासाठी. त्याचं काय करायचं हे मला ठरवता येईना. सप्टेंबरात ते पत्र बंद करताना एकदा मी तेलाची बाटली हातात घेतली होती. कागदाला एक बोट लावलं असतं तर तुझा संशय गेला असता. तुला संशय आहे हे मला माहीत नव्हतं, तरी बाटली हातात घेतली होती. लावलं नाही. तिच्या तोंडचे शब्द लिहिले, पण तिचा हात लिहिता आला नाही. यात चांगुलपणा किती आणि भीती किती, मला अजून सांगता येत नाही.

असं करताकरता पुरतं खरं पत्र लिहायच्या नादात तुझी तारीख राहिली. मधे तिचं वर्ष झालं. देवजीच्या बायकोने, भारतीने, पान वाढलं. तू तिकडे न जाणता जेवला असशील. आता सीमेवर जे चाललंय ते तुला तिथे कळलंच असेल. परवा मी काशीनाथकाकांकडे गेले. ते म्हणाले, बाई, सध्या इकडचं पत्र तिकडे न्यायला कुणीच नाही. कधी सुरू होईल सांगता येत नाही. तुमच्याकडेच ठेवा.

म्हणून हे पत्र गाडीच्या पुढच्या खणात ठेवणार आहे. वाट खुली झाली की आधी एकाच ओळीचं कार्ड पाठवीन, हे मागाहून.

आता गाडीचं. सगळं झालंय, एका पट्टीशिवाय. सगळीकडे एकसारखं काळं, कडा सरळ. ती पांढरी पट्टी लांबूनही दिसते, लोक विचारतात. गेला आठवडाभर कडक ऊन आहे. बुधवारी दुपारी बांडी आली, इतक्या महिन्यांनी. सगळ्या गाडीला एक फेरी मारली आणि डाव्या बाजूला मागच्या दाराखाली येऊन मान वर करून उभी राहिली. मी जवळ जाऊन वाकले. मला आधी काहीच कळलं नाही. मग गाल अगदी टेकवला. प्लास्टिक चटका बसेल इतकं तापलं होतं, आणि त्याच्या आतून, अगदी थोडासा, वास येत होता. तीनदा धुतलं होतं मी, कुरकुर वाजेपर्यंत. तू बरोबर लिहिलं होतंस, तेलही टिकतं. तू ते पट्टी वाचावी म्हणून लिहिलं होतंस, पण ते खरं निघालं.

आज बाटलीत तळाशी उरलेलं तेल काढलं आणि त्या पट्टीला लावलं. आईसारखं नाही जमलं. ती बोटं ओढायची एका दमात, माझी मधे मधे थांबतात. लावून झालं आणि तशीच आत येऊन लिहायला बसले आहे, हात न धुता. पत्राला वास येईल, उजव्या कोपऱ्यात डाग आहे. तो माझ्या हाताचा आहे, दिपेश, तिचा नाही. एवढं नीट ध्यानात ठेव.

मंगळवार, २ एप्रिल २०२४. सकाळी सव्वानऊ.

ताई